फित्तिपाल्दीच्या पुतण्याचं काय करायचं?

आतापर्यंतचा सर्वांत मोठा रेसिंग ड्रायव्हर कोण, याचं उत्तर प्रत्येकाकडे तयार असतं. तयार नसतो तो निकष. तो मागाहून शोधायचा असतो आणि अशा बेतानं कापायचा असतो, की पहिल्या नंबरात आपलाच माणूस बसावा. फॉर्म्युला वनची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९५० साली सुरू झाली. तेव्हापासून शर्यतींपेक्षा याद्याच जास्त झाल्या असाव्यात. शर्यतीत निदान शेवटी कुणीतरी एक जण जिंकतो.

युरोपातली शर्यत आपल्याकडे रविवारी संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास टीव्हीवर सुरू होते. वेळ फार सोयीची. दुपारची झोप झालेली असते, चहा झालेला असतो, जेवायला अवकाश असतो. भांडायला माणूस पूर्ण ताजातवाना. आमच्याकडे त्या वेळी चार पक्ष जमतात. मेहुणे सेनावाले. सेना म्हणजे ब्राझीलचा आयर्टन सेना. ‘आमचे मेहुणे सेनेचे’ एवढंच म्हटलं तर महाराष्ट्रात पुढचा प्रश्न ‘कुठल्या?’ असा येतो, म्हणून हा खुलासा. भाचा मॅक्स व्हर्स्टॅपनचा. मॅक्स २०१५ साली आला. त्याआधी मोटारींना चाकं होती यावर भाच्याचा फारसा विश्वास नाही. शेजारचे काका बँकेतून निवृत्त झालेले. त्यांना मोटारींत रस नाही, आकड्यांत आहे. आणि मी स्कॉटलंडच्या जिम क्लार्कचा, ज्याला मी एकदाही गाडी चालवताना पाहिलेलं नाही. याचा एक फायदा आहे, तो पुढे सांगतो.

काकांची पद्धत सरळ. विजेतेपदं मोजा. मायकल शूमाकर सात, लुईस हॅमिल्टन सात. म्हणजे गाडी सुरू होताच बंद पडली. बरं, मग जिंकलेल्या शर्यती मोजा. हॅमिल्टन शंभराच्या वर, शूमाकर ९१, अर्जेंटिनाचा हुआन मॅन्युएल फँजिओ अवघ्या २४.

‘चोवीस? मग हे गृहस्थ यादीत कशाला?’ काकांनी विचारलं.

तेव्हा त्यांना सांगावं लागलं, की फँजिओच्या काळी वर्षाला सात-आठ शर्यती व्हायच्या, आता चोवीस होतात. फँजिओनं उभ्या कारकिर्दीत जेवढ्या शर्यती केल्या, तेवढ्या आजचा पोरगा दोन-सव्वादोन वर्षांत उरकतो. काकांनी लगेच टक्केवारी काढली. ५१ शर्यतींत २४ विजय म्हणजे सत्तेचाळीस टक्के. एवढे टक्के दुसऱ्या कुणाला नाहीत म्हटल्यावर काकांना फँजिओ एकदम घरचा वाटू लागला.

पण टक्केवारी काढली की ली वॉलार्ड येतो. १९५० ते १९६० या काळात अमेरिकेतली इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यतही जागतिक स्पर्धेत धरत असत. युरोपातले ड्रायव्हर सहसा तिकडे फिरकत नसत, तिकडचे इकडे येत नसत, पण गुण एकाच वहीत मांडले जायचे. वॉलार्ड त्या काळात तिथं दोनदा धावला आणि १९५१ साली जिंकला. थोड्याच दिवसांत दुसऱ्या एका शर्यतीत तो भाजला आणि त्याची कारकीर्द संपली. दोनांत एक. पन्नास टक्के. फँजिओच्या वर, क्लार्कच्या वर, सगळ्यांच्या वर.

‘आकडा तर बरोबर आहे,’ काका म्हणाले आणि चष्मा पुसू लागले. आकडा बरोबर असून उत्तर चूक, हा प्रकार बँकेत त्यांनी पाहिला नसेल असं नाही; पण तिथं खाली साहेबांची सही असते. शेवटी ‘किमान दहा शर्यती’ असा नियम त्यांनी घातला आणि वॉलार्डला बाहेर काढलं. दहाच का, असं कुणी विचारलं नाही. पाच म्हटलं असतं तर इंडियानापोलिसचाच बिल वुकोविच आत आला असता, पाचांत दोन विजय घेऊन.

मेहुणे या संधीची वाटच पाहत होते. ‘आधी फँजिओचे चोवीस तरी नक्की चोवीस आहेत का ते बघा.’

मुद्दा बिनतोड होता. त्या काळी शर्यत चालू असताना एकानं दुसऱ्याची गाडी घेणं नियमात बसत असे. १९५१ साली फ्रान्समध्ये रॅंसच्या शर्यतीत फँजिओची अल्फा रोमिओ बिघडली. संघानं लुइजी फॅजिओली या आपल्याच ड्रायव्हरला थांबवलं, खाली उतरवलं आणि त्याच्या धडधाकट गाडीत फँजिओला बसवलं. फँजिओ जिंकला आणि विजय दोघांच्या नावे लागला. फॅजिओलीचं वय तेव्हा ५३. फॉर्म्युला वनची शर्यत जिंकणारा सर्वांत वयस्क माणूस म्हणून त्याचं नाव आजही विक्रमांच्या वहीत आहे. आणि तो विक्रम घडत होता त्या वेळी विक्रमवीर फँजिओच्या दुखणाईत गाडीत बसून अकराव्या नंबरावर रखडत येत होता. तो इतका संतापला, की त्यानं ग्रां प्री शर्यतीच सोडल्या. मला हा माणूस फार आवडतो. विक्रम झाला म्हणून राजीनामा देणारा दुसरा माणूस माझ्या ऐकिवात नाही.

पाच वर्षांनी मॉन्झात पुन्हा तेच. फेरारीत फँजिओचं स्टिअरिंग गेलं. लुइजी मुस्सोनं गाडी सोडली नाही. पीटर कॉलिन्स या चोवीस वर्षांच्या इंग्रज पोरानं मात्र आपण होऊन गाडीतून उतरून फँजिओला जागा दिली. त्या दिवशी स्वतः कॉलिन्सलाही विश्वविजेता व्हायची संधी होती. फँजिओ चौथ्यांदा विश्वविजेता झाला. लोकलमध्ये चौथी सीट सोडायला माणसं तयार होत नाहीत. इथं विश्वविजेतेपद सोडलं.

‘म्हणजे उसनवारीवर जगलेला माणूस,’ मेहुण्यांनी निकाल दिला.

या आरोपाला न्यूर्बुर्गरिंग हे एकच उत्तर पुरतं. ४ ऑगस्ट १९५७. जर्मनीच्या डोंगरातला हा जुना रस्ता तब्बल साडेबावीस किलोमीटरहून लांब होता, आणि अशा २२ फेऱ्या. फँजिओ सेहेचाळीस वर्षांचा. त्यानं अर्धीच टाकी भरून हलक्या गाडीनं सुरुवात केली, आघाडी घेतली आणि ठरल्याप्रमाणे टायर बदलायला, पेट्रोल भरायला थांबला. मेकॅनिक लोकांनी तिथं इतका घोळ घातला, की आघाडी तर गेलीच, वर पाऊण मिनिटाहून अधिक पिछाडी झाली. पुढे कॉलिन्स आणि माइक हॉथॉर्न हे फेरारीचे दोन तरुण. मग फँजिओनं एरवी जी वळणं खालच्या गिअरमध्ये घ्यायचा ती वरच्या गिअरमध्ये घ्यायला सुरुवात केली आणि फेरीमागून फेरी स्वतःचाच विक्रम मोडत गेला. शेवटून दुसऱ्या फेरीत त्यानं दोघांनाही मागे टाकलं. तशी गाडी त्यानंतर पुन्हा चालवायला तो स्वतःही तयार नव्हता. हा त्याचा शेवटचा विजय आणि पाचवं विजेतेपद.

शिवाय फँजिओच्या बाजूनं एक असा पुरावा आहे जो दुसऱ्या कुणाकडे नाही. १९५८ साली हवानातल्या शर्यतीच्या आदल्या दिवशी फिदेल कास्ट्रोच्या बंडखोरांनी त्याचं हॉटेलातून अपहरण केलं. त्यांना साऱ्या जगात बोभाटा हवा होता. त्यांनी फँजिओला नीट वागवलं, शर्यत झाल्यावर सोडून दिलं, आणि त्यानंही त्यांच्याबद्दल कडू शब्द काढला नाही. श्रेष्ठत्वाचा हा निकष मला फार प्रामाणिक वाटतो. बंडखोरांनी निकष, टक्केवारी, किमान दहा शर्यती वगैरे भानगड केली नाही. थेट उचलला.

‘मॅक्सला कोणी उचलेल का?’ मी भाच्याला विचारलं.

‘मामा, आधी पकडायला तर हवा,’ तो म्हणाला. हे मात्र खरं आहे. २०२३ साली २२ पैकी १९ शर्यती जिंकलेला माणूस.

‘गाडी!’ मेहुणे ओरडले.

फॉर्म्युला वनच्या कुठल्याही वादात हा शब्द दर पाच मिनिटांनी ओरडावाच लागतो. आपला माणूस जिंकला तर हातांची करामत, दुसऱ्याचा जिंकला तर गाडी. फँजिओ अल्फा रोमिओ, मासेराटी, मर्सिडीझ, फेरारी अशा चार कंपन्यांच्या गाड्यांत विश्वविजेता झाला. एक पक्ष म्हणतो, कुठलीही गाडी द्या, हा जिंकतो. दुसरा म्हणतो, पुढच्या वर्षी कुठली गाडी चांगली निघणार हे याला बरोबर कळायचं. मला विचाराल तर हे दुसरं कौशल्य जास्त दुर्मीळ आहे. फर्नांडो अलोन्सोकडे पहा. दोन विजेतेपदं मिळवलेला हा स्पॅनिश माणूस एकामागून एक संघ बदलत गेला आणि चांगली गाडी बहुतेक वेळा त्याच्या आधीच्या किंवा पुढच्या बसनं गेली. २००७ साली विजेतेपद एका गुणानं हुकलं, २०१० साली चार गुणांनी, २०१२ साली तिनानं. एकूण आठ गुण. हे आठ आणि वर दर वेळी एकेक गुण मिळता तर अलोन्सो पाच वेळचा विश्वविजेता, फँजिओच्या शेजारी. काकांनी बेरीज दोनदा तपासली आणि हळहळले. आठ गुणांची हळहळ त्यांना समजते. आठ रुपयांसाठी त्यांनी अख्खी शाखा रात्री नऊपर्यंत बसवून ठेवलेली आहे.

आणि एकदा ‘मिळते तर’ सुरू झालं, की मग कुणाला अडवायचं? १९८४ साली मोनॅकोत पावसामुळे शर्यत अर्ध्यात थांबवली. ॲलन प्रोस्ट पुढे होता, त्याला पहिल्या नंबरचे नऊ गुण मिळायचे ते निम्मे मिळाले, साडेचार. मोसमाच्या शेवटी तो निकी लाऊडाकडून हरला, अर्ध्या गुणानं. ती शर्यत पूर्ण होऊन प्रोस्ट दुसरा आला असता तरी त्याला सहा मिळाले असते आणि तो विश्वविजेता झाला असता. म्हणजे जिंकला म्हणून हरला. चार वर्षांनी याहून मजा. प्रोस्टचे १०५ गुण, सेनाचे ९४, आणि विश्वविजेता सेना. कारण नियमाप्रमाणे प्रत्येकाचे सर्वांत चांगले अकरा निकालच धरायचे होते. तसे धरले तर सेना ९०, प्रोस्ट ८७. हे ऐकून काका काही वेळ काहीच बोलले नाहीत. मिळवलेल्या गुणांतून अठरा गुण कापून घेणारी संस्था जगात आहे आणि तिथं आपण नोकरीला नव्हतो, असं काहीसं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

मेहुणे मात्र १९८८ हा आकडा ऐकताच फुलले. त्यांनी मोनॅकोची ती फेरी काढली, जिच्यात सेनानं त्याच गाडीतल्या प्रोस्टला जवळजवळ दीड सेकंदानं मागे टाकलं. मग डॉनिंग्टनच्या १९९३ च्या पावसातली पहिली फेरी, पाचव्यावरून पहिला. ही दोन्ही उदाहरणं इतकी चांगली आहेत, की त्यांच्यापुढे बोलायला काही राहत नाही. म्हणून भाचा १९९० च्या सुझुकाबद्दल बोलला. तिथं सेनानं पहिल्याच वळणावर प्रोस्टच्या गाडीवर आपली गाडी घातली आणि दोघेही बाहेर गेल्यामुळे विश्वविजेता झाला. हे जाणूनबुजून केलं, हे त्यानं पुढच्या वर्षी सांगूनही टाकलं.

‘आदल्या वर्षी तिथंच प्रोस्टनं काय केलं होतं?’ मेहुण्यांचा आवाज चढला. ‘आणि तुमच्या शूमाकरनं १९९७ ला?’

शूमाकर कुणाचाच नव्हता, पण त्याचाही निकाल लागला. हेरेथला त्यानं जाक व्हिलनव्हच्या गाडीला धडक दिली. व्हिलनव्ह विश्वविजेता झाला आणि शूमाकरचं त्या मोसमातलं स्थानच रद्द झालं. आता चारित्र्याचे गुण वजा करून यादी करायची म्हटली तर वरचे निम्मे थोर पुरुष मायनसमध्ये जातात आणि एकटा स्टर्लिंग मॉस वर उरतो.

मॉसची गोष्ट सांगताना मी घड्याळाकडे बघत नाही. हा इंग्रज १९५५ ते १९५८ सलग चार वर्षं दुसरा आला. कधीच विश्वविजेता झाला नाही. १९५८ च्या मोसमात त्यानं चार शर्यती जिंकल्या, हॉथॉर्ननं एक. त्याच मोसमात पोर्तुगालला पोर्तोच्या रस्त्यांवर शर्यत झाली. मॉस जिंकला, हॉथॉर्न दुसरा. पण शेवटी हॉथॉर्नची गाडी बंद पडली होती आणि ती सुरू करायला त्यानं उतारावर उलट्या दिशेनं नेली, अशी तक्रार झाली. उलटं चालवलं की बाद. हॉथॉर्न बाद झाला असता तर त्याचे दुसऱ्या नंबरचे सहा आणि सर्वांत वेगवान फेरीचा एक असे सात गुण गेले असते. तेव्हा खुद्द मॉस पंचांपुढे गेला आणि म्हणाला, की हॉथॉर्न उलटा गेला तो रस्त्यावरून नव्हे, फुटपाथवरून. सबब तो नियमभंग नाही. पंचांनी मानलं. गुण राहिले. मोसमाच्या शेवटी हॉथॉर्न ४२, मॉस ४१.

पुण्यात उलट्या दिशेनं फुटपाथवरून जाणाऱ्यांची बाजू घेणारा हा पहिला साक्षीदार मला भेटला. पण थट्टा सोडा. मला यादीत मॉस पहिल्या पाचांत हवाच हवा, आणि तिथं बसवण्यासाठी माझ्याकडे एकही आकडा नाही. काका म्हणाले, ‘एक गुण उसना देता येणार नाही का?’ हे त्यांच्या तोंडून आलं, यावरून मॉसची थोरवी कळावी.

गाडीचा वाटा वजा करायचा तर जाणकार एक उपाय सांगतात. एकाच संघातले दोघे घ्या. गाडी तीच, मेकॅनिक तेच, पाऊस तोच. उरेल तो माणूस. मग त्या दोघांतला एक पुढे दुसऱ्या संघात गेला, की तिथल्या सोबत्याशी त्याला ताडून पाहायचं. अशी साखळी जोडत गेलं तर फँजिओपासून व्हर्स्टॅपनपर्यंत पोचता येतं म्हणतात. काकांना ही पद्धत फारच भावली. त्यांनी कागद घेतला, बाण काढायला सुरुवात केली.

शूमाकर फेरारीत सहा मोसम रुबेन्स बारिकेलोच्या पुढे राहिला. कधी वेगानं, कधी संघाच्या हुकमानं. २००२ साली ऑस्ट्रियात तर बारिकेलोला अगदी शेवटच्या रेषेजवळ गाडी हळू करून त्याला पुढे जाऊ द्यावं लागलं. ते असो. शूमाकर बारिकेलोपेक्षा वर, एक बाण. बारिकेलो पुढे होंडात गेला. तिथं २००८ साली त्याचे ११ गुण, सोबती जेन्सन बटनचे ३. दुसरा बाण. बटन मॅक्लॅरेनमध्ये गेला, हॅमिल्टनच्या शेजारी. २०१० ते २०१२ या तीन मोसमांची बेरीज बटन ६७२, हॅमिल्टन ६५७. तिसरा बाण. हॅमिल्टन मर्सिडीझमध्ये गेला. तिथं निको रोझबर्ग त्याच्या चार मोसमांपैकी तिनांत मागे राहिला. चौथा बाण. आणि हॅमिल्टनच्या आधी रोझबर्गच्या शेजारी कोण होतं? निवृत्तीतून परत आलेला शूमाकर. तीन मोसम, आणि तिन्ही मोसमांत रोझबर्ग पुढे.

काकांनी पाचवा बाण काढला आणि तो जिथून निघाले होते तिथं येऊन टेकला. शूमाकरपेक्षा रोझबर्ग, रोझबर्गपेक्षा हॅमिल्टन, हॅमिल्टनपेक्षा बटन, बटनपेक्षा बारिकेलो, बारिकेलोपेक्षा शूमाकर. पाचही जण एकमेकांपेक्षा श्रेष्ठ. कोकणातली नाती उलगडत गेलं, की शेवटी माणूस स्वतःचाच मामेभाऊ निघतो, तसं झालं.

‘शूमाकर तेव्हा चाळिशी उलटलेला होता!’ ‘बटनला त्या तीन वर्षांत नशिबाची साथ होती!’ ‘हॅमिल्टनची गाडी सारखी बंद पडायची!’ असा एकच गलका झाला. वय, नशीब, बिघाड बाहेर ठेवायला ही पद्धत काढली होती. ते तिघेही दार लोटून आत येऊन बसले.

माणसांना जमत नाही म्हणून हे काम यंत्राकडे देणारे लोकही आहेत. इंग्लंडमधल्या शेफिल्ड विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २०१६ साली १९५० पासूनच्या सगळ्या शर्यती संख्याशास्त्राच्या घाण्यात घातल्या, गाडीचा वाटा वेगळा काढला आणि माणसांची क्रमवारी लावली. पहिला फँजिओ आला. इथवर सगळ्यांनी माना डोलावल्या. पण तीन वेळचा विश्वविजेता लाऊडा पहिल्या शंभरांतही नव्हता. आणि पहिल्या विसांत होता क्रिस्तियान फित्तिपाल्दी.

फित्तिपाल्दी म्हणजे दोन वेळचा विश्वविजेता एमर्सन नव्हे. तोही वर आहे, पण हा त्याचा पुतण्या. १९९२ ते १९९४ अशी तीन वर्षं हा मागच्या रांगेतल्या गाड्या चालवत होता. विजय नाही, पहिल्या तिनांत कधी नाही. त्याची जगाला एकच आठवण आहे. १९९३ साली मॉन्झात शेवटच्या क्षणी तो आपल्याच सोबत्याच्या मागच्या चाकावर चढला, गाडीनं हवेत अख्खी कोलांटी घेतली, चाकांवर उतरली आणि घसरत समाप्तीची रेषा ओलांडून गेली. आठवा नंबर. गणिताच्या दृष्टीनं निकाल चोख असणार: तशा गाडीत तेवढे गुण मिळवणं खरंच अवघड आहे. पण क्रमवारीच्या कागदावर लाऊडाच्या शंभराहून अधिक पायऱ्या वर हे नाव दिसलं, की आपण गणिताकडे संशयानं पाहू लागतो.

चार वर्षांनी फॉर्म्युला वननंच ॲमेझॉनच्या कॉम्प्युटरवाल्यांना हाताशी धरून १९८३ पासूनचे सर्वांत वेगवान ड्रायव्हर काढले, पात्रता फेऱ्यांतल्या वेगावरून. पहिला सेना. मेहुण्यांनी त्या दिवशी घरी श्रीखंड आणलं. मात्र आठवा हेइकी कोव्हलाइनन, ज्यानं आयुष्यात एक शर्यत जिंकली, आणि विसावा प्रोस्ट, ज्यानं ५१. मेहुणे म्हणाले, कॉम्प्युटरला पहिल्या नंबरापुरतं कळतं. खालचं त्यांनी वाचलं नाही.

या सगळ्यात आपण कुठं, असं एखादा विचारील. भारतीय ड्रायव्हरांची यादी करायला एक मिनिट लागतं: नारायण कार्तिकेयन आणि करुण चंधोक. गुण फक्त कार्तिकेयनला मिळाले, पाच, तेही २००५ साली इंडियानापोलिसला. टायरांच्या भांडणामुळे चौदा गाड्या सुरुवातीलाच माघारी गेल्या आणि सहाच धावल्या. त्यांत तो चौथा. हसू नका. चौथा आला म्हणजे दोघे तरी मागे होते. ग्रेटर नोएडाला २०११ ते २०१३ तीन ग्रां प्री झाल्या आणि तिन्ही सेबॅस्टियन व्हेटेलनं जिंकल्या. म्हणजे भारताच्या भूमीवर काकांची टक्केवारी प्रथमच पूर्ण शंभर भरते. पण तिथल्या राज्य सरकारच्या लेखी हा खेळ नव्हताच, करमणूक होती. करही त्याच हिशेबानं. तेव्हा सर्वश्रेष्ठ खेळाडूचा वाद निदान उत्तर प्रदेशापुरता मिटला. मराठी माणसाच्या मनात शूमाकरची जागा वेगळ्याच कारणानं पक्की आहे. २००२ साली सचिननं ब्रॅडमनच्या २९ शतकांशी बरोबरी केली, तेव्हा त्याला लाल फेरारी मिळाली आणि ती शूमाकरच्या हस्ते. पुढे तिच्या आयात शुल्कावरून देशभर गदारोळ झाला. माझ्या आईला फॉर्म्युला वनमधलं एकच नाव माहीत आहे, ‘आपल्या सचिनला गाडी देणारा तो’. सात विजेतेपदं तिच्या लेखी वरकड.

आता माझा क्लार्क. मेंढ्या पाळणारा शेतकऱ्याचा मुलगा. ७२ शर्यती, २५ विजय, १९६३ आणि १९६५ ची विजेतेपदं. पण मी त्याचा झालो ते दुसऱ्याच एका आकड्यानं: जागतिक स्पर्धेच्या शर्यतीत क्लार्क दुसरा फक्त एकदाच आला, १९६३ साली जर्मनीत. एरवी तो जिंकायचा, नाहीतर त्याची नाजूक लोटस मोडायची. मॉन्झाला १९६७ साली चाक पंक्चर होऊन त्याची अख्खी एक फेरी गेली. ती त्यानं भरून काढली, सगळ्यांना गाठलं, पुढे गेला, आणि शेवटच्या फेरीत पेट्रोल कमी पडून तिसरा आला. एप्रिल १९६८ मध्ये हॉकेनहाइमला, तुलनेनं किरकोळ शर्यतीत, तो गेला. बत्तीस वर्षांचा होता. कॉलिन्स त्याआधीच गेलेला, १९५८ साली, त्याच न्यूर्बुर्गरिंगवर. त्या पिढीची सरासरी काढताना एक गोष्ट कुठल्याच रकान्यात मांडता येत नाही: ही माणसं पुढच्या मोसमाला असतीलच असं धरून चालत नसत. वळणावर किती जोर लावायचा हे ठरवताना आजच्या पोराला जे विसरता येतं, ते त्यांना विसरून चालत नव्हतं. जॅकी स्टुअर्टनं पुढे सुरक्षेसाठी भांडण काढलं, तेव्हा त्याला भित्रा म्हणणारे लोक होते. त्यानं त्यानंतर न्यूर्बुर्गरिंगवर धुक्यात, पावसात, मनगट मोडलेलं असताना चार मिनिटांहून अधिक फरकानं जिंकून दाखवलं. १९६८ साल.

आणि मघाशी म्हटला तो फायदा. क्लार्कला आमच्या दिवाणखान्यात कुणीच पाहिलेलं नाही. त्यामुळे त्याच्याविरुद्ध कुणाला काही आठवत नाही. मेहुण्यांचा सेना धडक देताना सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलाय, भाच्याच्या मॅक्सचं रेडिओवरचं बोलणं सगळ्यांनी ऐकलंय. माझा माणूस कृष्णधवल फोटोत मंद हसत उभा आहे आणि नखं खातोय.

तर यादी अशी ठरत आली होती: क्लार्क, फँजिओ, सेना, मग शूमाकर-हॅमिल्टन एका ओळीत, मॉस उसन्या गुणावर. व्हर्स्टॅपनला भाच्याच्या उपस्थितीपुरतं सहावं स्थान. फित्तिपाल्दीच्या पुतण्याला निमंत्रित म्हणून खाली बसवायचं ठरलं. सह्या होणार, एवढ्यात काकांनी विचारलं, ‘यात फक्त चारचाकीवाले का?’

मला जॉन सर्टीसचं नाव काढायला नको होतं. मोटारसायकलवर सात जागतिक विजेतेपदं आणि १९६४ साली फेरारीतून फॉर्म्युला वनचं. दोन्हींवर विश्वविजेता झालेला हा एकमेव.

‘सात अधिक एक, आठ,’ काका म्हणाले. ‘मग हा शूमाकरच्या वर नको?’

‘मग सेबास्टियां लोब घ्या,’ भाचा म्हणाला. ‘रॅलीत नऊ.’

‘रॅली म्हणजे रेसिंग नव्हे,’ मेहुणे म्हणाले. ‘तिथं एकेक जण सुटतो, सगळे एकत्र धावत नाहीत.’

‘एकट्यानंच धावायचं?’ काकांनी पेन खाली ठेवलं. ‘मग नऊदा पहिलं येण्यात मोठंसं काय?’

मी नवा कागद घेतला आणि त्यांना रॅली समजावून सांगायला बसलो.